मार्गशीर्षातील टाळ
(चाकण–सुदुंबरे परिसरातील हिवाळी भजनपरंपरेचा अल्प इतिहास)

चाकण, देहू, आळंदी आणि चिंचवड ही चार स्थाने नकाशावर एका रेषेने जोडली, तर त्या रेषेच्या आत-बाहेर आज मोटारींचे, यंत्रांचे व औषधांचे कारखाने दाटीने उभे असलेले दिसतात. परंतु ही कारखानदारी फार तर साठ-सत्तर वर्षांची आहे. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले ते १९५५ साली. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली १९७० साली व महानगरपालिका १९८२ साली. आणि चाकणला नगरपरिषद मिळाली ती २०१५ साली. त्यापूर्वी शतकानुशतके या मुलखाची ओळख दुसऱ्याच एका नादाने होत असे. तो नाद टाळांचा होय. आषाढात येथील टाळ पालखीबरोबर निघून पंढरपुरास जातात; परंतु हिवाळ्यात मात्र साऱ्या महाराष्ट्राचे टाळ आमच्याकडे येतात. म्हणून या भागातील मुलांच्या आठवणीत थंडी आणि भजन ही जोडी अगदी घट्ट बसलेली असते.

हिवाळ्याचा आरंभ आमच्याकडे पंचांगाने न होता काकड्याने होई. कोजागिरी झाली की गावोगावच्या देवळांत पहाटेचा काकडा सुरू होई आणि तो कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चाले. काकडा म्हणजे कापडाची पीळ दिलेली जाड वात. तीच पेटवून देवास ओवाळावयाचे, म्हणून आरतीसही तेच नाव. आधी भूपाळ्या, मग जागे करण्याचे अभंग, पुढे वासुदेव, आंधळा, पांगळा, मुका, बहिरा, जोगी अशी रूपके, त्यानंतर गौळणी व शेवटी आरती, असा साधारण क्रम. ही रूपके मुलांस फार आवडत. देवळाच्या ओसरीवर गोधडी पांघरून बसलेल्या आम्हां मुलांस अर्थ काय कळणार? परंतु वासुदेवाची चाल आली की झोप उडे. टाळ हातात घ्यावयाचे म्हणजे शिक्षाच असे. रात्रभर देवळात राहिलेली ती धातूची पेली इतकी गार पडलेली असत की बोटे बधिर होत. मोठी माणसे ती आधी काखेत धरून ऊब देत व मग आमच्या हाती देत.

काकड्याचे तेल कोणाच्या घरचे, हे येथे सांगावयास हवे. आपल्या ज्ञातीच्या वाचकांस ते सांगण्याचे कारण नाही; तरी नव्या पिढीतील मुलांनी घाणाच पाहिलेला नाही, म्हणून लिहितो. देवळातील दिवा आणि तेली यांचा संबंध फार जुना आहे. नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षाचा शिलालेख आहे. एका बाईने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे रकमा ठेव म्हणून ठेवल्या, असे त्यात नमूद आहे, आणि त्या श्रेणींत तीळ गाळणाऱ्यांची श्रेणी आहे. हा काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातील ८७६ सालच्या लेखात तर तेथील तेल्यांनी दर घाण्यामागे देवाच्या दिव्यास ठराविक माप तेल द्यावयाचे कबूल केले आहे. गंमत अशी की, जगभरचे गणिती ज्या लेखातील शून्याचे चिन्ह पाहावयास जातात, तो हाच लेख. शून्य सर्वांस दिसते. तेल कोणाच्या ध्यानी येत नाही!

आमच्या लहानपणी, म्हणजे १९६५ च्या आगेमागे, चाकण हे कांदाबटाट्याच्या बाजाराचे गाव होते. आमच्या घरी लाकडी घाणा होता. भुईमूग आणि कारळे कार्तिकात शेतकऱ्यांच्या घरी येत आणि मग मार्गशीर्ष-पौषात घाण्यास उसंत नसे. पहाटे बैलाच्या डोळ्यांवर झापडे चढवून वडील घाणा जुंपीत. आडव्या लाकडावर वजनासाठी दगड ठेवलेले असत. त्यांच्या जोडीस आम्हां भावंडांपैकी एकास बसवीत. उखळात लाट फिरू लागली की एक दीर्घ करकर निघे, आणि प्रत्येक फेऱ्यास ती एकाच ठिकाणी चढे व एकाच ठिकाणी उतरे. वडील त्या करकरीच्या लयीत अभंग म्हणत. पुढे आम्ही शाळेत मुलांस कविता चालीवर शिकविल्या, तेव्हा ताल देण्यासाठी आमचा हात आपोआप त्या घाण्याच्या फेऱ्याप्रमाणे फिरे, व मुले हसत.

त्याच वेळी आतल्या खोलीत आजीचे जाते चालू असे. तिच्या ओव्या निराळ्या. त्यांत विठोबा असे, माहेर असे, भाऊ असे, आणि चाकणच्या बाजारात विकलेल्या तेलाचा हिशेबही असे. बाहेर घाणा व आत जाते अशी दोन चाके एकाच घरात फिरत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दांपत्याने गावोगाव हिंडून बायकांच्या मुखातून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. त्यांतील पुष्कळ ओव्या मावळ-मुळशीच्या खेड्यांतील आहेत. आमच्या आजीच्या ओव्या मात्र कोणी उतरून घेतल्या नाहीत. जिने साऱ्या जन्मात कागदास हात लावला नाही, तिच्या तोंडी शेकडो ओव्या होत्या, आणि तिच्याबरोबर त्या गेल्या.

हे लिहून ठेवण्याचे प्रकरण आपल्या ज्ञातीच्या अभिमानाचा विषय आहे, आणि आमच्या आजच्या लेखाचा मुद्दाही तेथेच आहे. श्रीसंत संताजी महाराज जगनाडे हे चाकणचे. त्यांची जयंती ८ डिसेंबर रोजी साजरी होते व जन्माचे साल १६२४ मानतात. तुकोबांचे कीर्तन चाकणला झाले, ते ऐकून हा तेल्याचा तरुण मुलगा त्यांचा झाला, अशी परंपरा आहे. पुढे तुकोबांचे अभंग त्यांनी आपल्या वह्यांत उतरून घेतले. गाथा इंद्रायणीत बुडविली गेली तेव्हा लोकांच्या मुखातील अभंग पुन्हा गोळा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, असेही आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्या वह्यांच्या आधारे ठाण्याचे वि. ल. भावे यांनी १९१९ च्या सुमारास ‘अस्सल गाथा’ छापून काढला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या लेखकाकडे गेले. २००९ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. आपल्या घराघरांत जी तसबीर असते तीत महाराज मांडी घालून बसलेले, समोर वही व हाती लेखणी, असे दिसतात.

हे सर्व यथार्थच आहे. तथापि आम्हांस असे वाटते की, लेखणीच्या या तेजात आपण त्यांचे टाळ विसरलो. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत संताजींचे नाव आहे. ते आधी टाळकरी आणि मग लेखक. कीर्तनात मागे उभे राहून जो रात्ररात्र धृपद धरतो, त्याच्याच कानात शब्दांचा खरा क्रम बसतो. टाळ वाजविल्यावाचून ती वही झालीच नसती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंपरेने आलेली चौदा टाळकऱ्यांची यादी आपल्या सभासदांनी एकवार सावकाश वाचावी. तीत कडूसचे गंगाराम मवाळ आहेत. तेही अभंगांचे लेखक. येलवाडीचे मालजी गाडे आहेत, चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी आहेत, सुदुंबऱ्याचे गवारशेट वाणी आहेत. बहुळचे रामेश्वरभट्ट आहेत; ते आधी तुकोबांचे विरोधक होते आणि नंतर त्यांच्यामागे टाळ घेऊन उभे राहिले. लोहगावचे तर एक सोडून अनेक. त्यांत नावजी माळी आहेत, शिवबा कासार आहेत. ब्राह्मण, वाणी, माळी, कासार, कुणबी आणि तेली असे सारे एका ओळीत! आता ही गावे कोठे आहेत ते पाहा. चिखली आज महानगरपालिकेत आहे. येलवाडी, बहुळ ही चाकणच्या कारखान्यांच्या आसपास. लोहगावास विमानतळ झाला. ज्या रस्त्यांनी आज आपली मुले कंपनीच्या गाडीतून कामावर जातात, त्याच वाटांनी हे चौदा जण देहूस येत असत. अंगावर घोंगडी, कमरेस टाळ. इंद्रायणीच्या काठी हिवाळ्याच्या रात्री काय थंडी असते ते ज्याने अनुभविले आहे त्यास त्या येण्याचे मोल कळेल.

कार्तिक वद्यात आळंदीची यात्रा भरते. वद्य अष्टमीस हैबतबाबांच्या पायरीचे पूजन होऊन सोहळ्यास आरंभ होतो, एकादशीस वारी आणि त्रयोदशीस ज्ञानेश्वर महाराजांच्या संजीवन समाधीचा दिन. ती समाधी शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मधील. चाकणहून आळंदी चार कोस. आम्ही वडिलांच्या खांद्यावर बसून गेलो आहो आणि पुढे स्वतःच्या पायांनीही गेलो आहो. वाटेत शेकोट्या, शेकोट्यांभोवती मराठवाड्यातून, खानदेशातून, कोकणातून आलेली माणसे आणि प्रत्येक फडाची चाल वेगळी. एकच अभंग कोणी विलंबित म्हणे, कोणी झपाट्याने. आज नभोवाणी व दूरदर्शन यांमुळे सर्वत्र एकच चाल पसरली आहे. त्या काळी चालीवरून माणसाचा जिल्हा ओळखता येई.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस चंपाषष्ठी. खेड तालुक्यातील निमगावच्या खंडोबाकडे वाघ्यामुरळीचे जागरण, दिमडी व तुणतुणे, आणि घरी वांग्याचे भरीत व बाजरीचा रोडगा. वद्य षष्ठीस चिंचवडला मोरया गोसावींचा समाधिउत्सव. तेथे मोरयांची पदे, कीर्तने व अलीकडे मोठमोठ्या गवयांचे गायन होते. आमचे वडील तेथे एकदाच गेले आणि परत आल्यावर म्हणाले, “गाणारा फार मोठा होता, पण आपल्याला मधे म्हणता येत नाही.” या एका वाक्यात भजन व मैफल यांतील भेद आला आहे, असे आम्हांस अजून वाटते. पुण्यात पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव चालविला. पुढे तो डिसेंबरच्या थंडीतील रात्रीचा सोहळा म्हणून देशभर गाजला. याच पंडितजींनी अभंग गाऊन आमच्या खेड्यांतील ओसरीवरचे शब्द मोठ्या सभागृहांत नेले, हेही नमूद केले पाहिजे.

आणि नाताळ! शाळेस त्या सुटीचे नावच ‘नाताळची सुटी’ असे. परंतु नाताळ म्हणजे काय हे आम्हांस नोकरीस लागल्यावर कळले. आमच्या शाळेतील एक ख्रिस्ती शिक्षक आम्हांस त्यांच्या घरी घेऊन गेले. आमची कल्पना अशी की तेथे इंग्रजी बाजा असेल. पाहतो तो सतरंजीवर पेटी, पखवाज आणि टाळ! रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी रचलेली मराठी भजने ती मंडळी म्हणत होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो, अशा अर्थाचे टिळकांचे सांगणे प्रसिद्धच आहे. आम्हांसही त्या रात्री टाळ देण्यात आले व आमचा हात कोठेही चुकला नाही.

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी ही मात्र आपली विशेष तिथी. या दिवशी मावळातील सुदुंबरे येथे संताजी महाराजांची पुण्यतिथी असते. देहावर माती लोटली तरी मुख झाकेना. तेव्हा दिलेल्या वचनाप्रमाणे तुकोबा स्वतः आले व त्यांनी मूठमाती दिली, ही कथा प्रत्येक तेल्याच्या घरात मुलांस सांगितली जाते. तुकोबांचे प्रयाण शके १५७१ च्या फाल्गुनातील, म्हणजे इ. स. १६५० चे, संताजी त्यांच्यामागे पुष्कळ वर्षे होते. कथेचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने घ्यावा. आम्ही मुले सुदुंबऱ्यास जात असू ती बैलगाडीने. पेंडीच्या पोत्यांवर घोंगडी, घोंगडीवर आम्ही, आणि गाडीस टांगलेला कंदील. वाटेत कोणी तरी चाल धरी आणि पुढची गाडी ती उचली, मग मागची. पुढच्या गाडीतील शब्द मागे येईपर्यंत अर्धा ठोका उशीर होई आणि त्यामुळे साऱ्या रस्त्यावर एकच अभंग दुहेरी ऐकू येई. सभागृहात आम्ही पुष्कळ ऐकले. तसे पुन्हा ऐकले नाही.

पुण्यतिथीपूर्वी सप्ताह बसे. सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नाही, असा नेम. गळ्यातील वीणा एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाची. प्रत्येकास ठरलेला पहारा. याच पहाऱ्याने आमच्या घरातील एक मोठे स्थित्यंतर आम्हांस दाखविले.

घाणा मोडकळीस का आला, याची कारणे सर्वांस ठाऊक आहेत. गिरणीचे तेल आले, १९३७ पासून डालडा आला, पुढे डबाबंद तेले आली. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योग संघाने घाणा सुधारण्याचे कष्ट घेतले, स्वातंत्र्यानंतर खादी-ग्रामोद्योगवाल्यांनीही घेतले; परंतु एक बैल दिवसभरात जे गाळी ते यंत्र घटकेत गाळू लागले, तेथे कोणाचा इलाज? आमचा घाणा १९६९ साली थांबला. बैल विकला त्या दिवशी वडील जेवले नाहीत. पुढील वर्षी ते पिंपरीकडील एका कारखान्यात लागले. सायकलीने भोसरीवरून जात-येत. त्या मार्गशीर्षात त्यांनी सप्ताहासाठी रजा मागितली. ती मिळाली नाही. आई म्हणाली, “यंदा तुमचा पहारा दुसऱ्याला द्या.” वडील काही बोलले नाहीत. दुसरी पाळी करून ते मध्यरात्री परतले, हातपाय धुतले आणि तसेच देवळात गेले. तेथे वीणा घेऊन आमचे एक वृद्ध चुलते उभे होते.

“तात्या, द्या वीणा. पाळी करून आलो.”

“अरे, जेवलास का आधी?”

“पहारा झाल्यावर जेवतो.”

त्या वर्षी पहाऱ्याची वहीच बदलण्यात आली. आजवर प्रहरांप्रमाणे होती, ती आता कारखान्याच्या पाळ्यांप्रमाणे आखली गेली. पहिल्या पाळीच्या माणसास संध्याकाळचा पहारा, दुसऱ्या पाळीवाल्यास मध्यरात्रीचा, आणि रात्रपाळी करून आलेल्यास सकाळचा. देवाने कंपनीशी जुळवून घेतले, असे लोक थट्टेने म्हणत. आमच्या मते ही थट्टा नसून इतिहास आहे. पुष्कळ गावांत वीणा जमिनीवर आली. ज्या गावांनी पहाऱ्याची वही बदलली तेथे ती गळ्यात राहिली.

काकड्यास मात्र ही युक्ती लागू पडली नाही. पहाटेस तरुण मनुष्य एक तर कामावर तरी असतो नाही तर झोपेत. आमच्या आळीच्या काकड्यास आमच्या लहानपणी वीस-पंचवीस माणसे असत, ती ऐंशीनंतर सात-आठ राहिली. ध्वनिक्षेपकावर काकड्याची तबकडी लावण्याचा प्रकार मध्यंतरी सुरू झाला. तो आम्हांस कधीच रुचला नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपकावर निर्बंध आला, तेव्हा अनेकांनी धर्मावर घाला म्हणून ओरड केली. आम्हांस उलट बरे वाटले. कर्णा बंद झाल्यावर टाळ पुन्हा ऐकू येऊ लागले. आज जयंतीच्या मिरवणुकीत जे प्रचंड ध्वनियंत्र लावतात, त्याविषयीही आमचे मत निराळे नाही. ज्याच्या हातात टाळ होते त्याच्या पालखीपुढे टाळच नसावेत, हे शोभत नाही.

पौषात संक्रांत येई आणि तेल्याच्या घरास तिळाचा वास लागे. भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी. चुलीवर परातीत पाकाचे थेंब घालीत काटेरी हलवा करीत बसलेली आई, आणि वडिलांनी कर्ज काढून आणलेला रेडिओ. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालेले. त्याचे पहाटेचे भक्तिसंगीत लागले की आई हलव्याची परात मंद हलवीत राही, आणि गाणे संपेपर्यंत आच वाढवीत नसे. हलव्यास काटा येण्यास धीर लागतो, असे ती म्हणे.

अलीकडे आपल्या मंडळात नवी कुटुंबे आली आहेत. चाकणच्या कारखान्यांनी नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अमरावतीकडील आपले ज्ञातिबांधव येथे आणले. त्यांचा हिवाळा आमच्याहून वेगळा. त्यांच्या आठवणीत टाळापेक्षा खंजिरी अधिक आहे, कारण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवर साऱ्या विदर्भास म्हणावयास लाविले. आरंभी दोन्ही पक्षांत थोडी कुरबुर झाली, हे लपविण्यात अर्थ नाही. आमचे वृद्ध म्हणत, खंजिरीने अभंगाची बैठक मोडते. ते म्हणत, तुमच्या चालीत झोप येते. गेल्या दोन वर्षांपासून मंडळाच्या मासिक भजनात पहिला तास टाळ व दुसरा तास खंजिरी अशी वाटणी झाली आहे. गेल्या मार्गशीर्षात तर वर्ध्याकडील एका सभासदाची नववीतील मुलगी सुदुंबऱ्यास आमच्याबरोबर आली. टाळ तिने तीन महिन्यांत शिकून घेतले. खंजिरी तिची घरचीच. येताना बसमध्ये तिने एक चाल धरली आणि मागच्या बाकांवरील मंडळींनी ती उचलली.

मंडळाच्या कपाटात सध्या टाळांचे अकरा जोड आहेत. तीन जोडांच्या दोऱ्या यंदा बदलल्या. एका पेल्यास चीर गेल्याने तो जोड पुण्याच्या कासारांकडे दिला आहे व कार्तिकापूर्वी तो परत यावयाचा आहे.